लुक्लाचा निर्णय दरीत होतो

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आहे. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीत अशा साडेसहा पट्ट्या एकापुढे एक मावतील. एवढ्याशा लांबीत ती जवळजवळ ६० मीटर वर चढते. खालच्या टोकाला जमीन संपते आणि सुमारे ६०० मीटर खोल दरी सुरू होते, तळाशी दूधकोशी नदी वाहते. वरच्या टोकाला दगडी भिंत, भिंतीमागे गाव, गावामागे डोंगर. समुद्रसपाटीपासून उंची २८४५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा आणखी बाराशे मीटर वर. नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्यातल्या या खेड्यात विमान उतरतं ते फक्त दरीकडून, चढाच्या दिशेने. आणि उडतं ते उताराच्या दिशेने, दरीकडे. तिसरी वाट नाही.

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणारे बहुतेक ट्रेकर याच पट्टीवर उतरतात. वसंतात आणि दिवाळीच्या आगेमागे त्या गर्दीत मराठी हमखास कानावर पडते. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, सगळीकडचे गट असतात. माझं नोकरीचं आयुष्य महाराष्ट्रातल्या छोट्या धावपट्ट्यांवर मुलांना विमान शिकवण्यात गेलं, त्यामुळे निघण्याआधी ओळखीतली मंडळी मला गाठतात. अशीच भाची आली. म्हणाली, "मामा, जगातलं सगळ्यात धोकादायक विमानतळ आहे म्हणतात ते. जाऊ की नको?" तिला हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं होतं. मी तिला संध्याकाळभर बसवून घेतलं. तिला जे सांगितलं तेच इथे मांडतो आहे, कारण तिथे उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने ते जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्या उतरण्यात प्रवाशाचाही हात असतो. कसा, ते पुढे येईल.

आधी सपाट जमिनीवरचं उतरणं समजून घेऊ. विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत येतं, त्या टप्प्याला आम्ही फायनल म्हणतो. तिथून साधारण तीन अंशांच्या उतरत्या वाटेने ते खाली येतं. सेसना १५२ सारखं दोन आसनांचं शिकाऊ विमान असेल तर वेग ६० नॉटच्या आसपास ठेवायचा, म्हणजे ताशी ११० किलोमीटर. जमीन काही फुटांवर आली की थ्रॉटल मागे ओढायचा आणि नाक हळूहळू वर घ्यायचं. हा फ्लेअर. पंखांची उचल संपत जाते, मागची दोन चाकं आधी टेकतात, मग अलगद पुढचं. सगळा खेळ काही सेकंदांचा.

तो बिघडतो बहुतेक वेळा वेगामुळे. पाच-सात नॉट जास्त असले तरी विमान टेकायला तयार होत नाही, जमिनीपासून हातभर उंचीवर तरंगत पुढे पुढे जात राहतं. समोर धावपट्टी संपत आलेली दिसते. मुलगा घाबरतो आणि कंट्रोल पुढे ढकलून विमान जमिनीवर दाबतो. पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं. तो पुन्हा दाबतो. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी असते. तिसऱ्या वेळी पुढच्या चाकाचा दांडा मोडतो, प्रोपेलर डांबराला घासून वाकतो आणि विमान नाकावर बसतं. लहान धावपट्ट्यांवरच्या अपघातांतला हा अगदी नेहमीचा प्रकार. मुलगा बहुधा स्वतःच दार उघडून बाहेर येतो. हातपाय शाबूत असतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळींची बातमी येते.

यावरचा उपाय पहिल्याच आठवड्यात शिकवला जातो: गो-अराउंड. उतरणं मनासारखं जमत नाही असं वाटलं की थ्रॉटल पूर्ण पुढे, वेग धरायचा, फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकवलेल्या पट्ट्या, टप्प्याटप्प्याने वर, एक फेरी मारून पुन्हा यायचं. उसळी बसल्यावरसुद्धा हे करता येतं. मी मुलांना सांगत आलो की सोलो उड्डाणाच्या आधी मला तुमचं सुंदर उतरणं पाहायचं नाही, तुम्ही वेळेत गो-अराउंड करता का ते पाहायचं आहे. ज्याला परत वर जायची लाज वाटते, त्याला मी एकट्याला सोडत नसे. सपाट प्रदेशातल्या लहान धावपट्टीवर सुरक्षिततेचा सगळ्यात मोठा भाग या एका गोष्टीत आहे. समोर मोकळं आकाश असतं, आणि चूक दुरुस्त करायला ते आकाश पुरतं.

लुक्लाला समोर डोंगर आहे.

फायनलवर एका ठरावीक जागेपर्यंत वैमानिक दरीतच वळून परत फिरू शकतो. त्या जागेपुढे गेल्यावर नाही. उंचावर, विरळ हवेत, चाकं आणि फ्लॅप्स खाली असलेल्या विमानाला समोरच्या डोंगरावरून चढून जाण्याइतकी ताकद उरत नाही, आणि वळायला दरी तेवढी रुंद राहत नाही. तिथून पुढे उतरणं एवढंच शिल्लक असतं, ते चांगलं होवो की वाईट. म्हणून आमच्याकडे शेवटच्या दोन सेकंदांत घेता येणारा निर्णय लुक्लाला दरीत, धावपट्टी अजून दूर असताना घ्यावा लागतो. आणि तो घेताना वैमानिकाला पुढच्या मिनिटभराचा अंदाज करावा लागतो: ढग तोवर कुठे असेल, वारा कसा वळेल. या पट्टीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पट्टी आखूड आहे, उंच आहे, तिरकी आहे, या सगळ्याचं उत्तर कौशल्यात सापडतं. परत फिरण्याची जागा लवकर संपते, याचं उत्तर फक्त वेळेवर परत फिरण्यात आहे.

अशा जागी धावपट्टी बांधलीच का, हे सगळेच विचारतात. १९६४ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरींना खुंबू खोऱ्यात शाळा आणि इस्पितळ उभारायचं होतं. काठमांडूहून सामान माणसांच्या पाठीवर यायला आठवडे लागत. त्यांनी आधी सपाट शेतजमीन पाहिली होती, पण शेतकरी ती द्यायला तयार झाले नाहीत. पोटाची जमीन होती, त्यांचं बरोबरच होतं. मग ही डोंगर-उताराची जागा शेर्पांकडून विकत घेतली. माती भुसभुशीत होती, चाकं रुतली असती. हिलरींनी गावकऱ्यांना स्थानिक दारू पाजली आणि त्यांचा पाय आपटत नाचायचा पारंपरिक नाच त्या मातीवर करवून घेतला. अशी ती जमीन बसली. दोन वर्षांनी, १९६६ साली, खुंदे गावात इस्पितळ उभं राहिलं. डांबर मात्र २००१ साली आलं, तोवर सगळी विमानं मातीवरच उतरत होती. हिलरी जानेवारी २००८ मध्ये गेले आणि त्याच वर्षी विमानतळाला तेनझिंग-हिलरी हे नाव मिळालं. लहान विमानाने या माणसाकडून फार मोठी किंमत घेतली होती. १९७५ साली ते फाफलूला दुसरं इस्पितळ बांधत असताना, त्यांच्याकडे निघालेल्या पत्नी लुईस आणि धाकटी मुलगी बेलिंडा यांचं विमान काठमांडूहून उडताच कोसळलं आणि दोघी गेल्या.

चढाचा फायदा खरा आहे. घाट चढणारी एसटी ॲक्सिलरेटर सोडताच मंदावते, तसं विमान टेकल्यावर चढच त्याचा वेग खातो. ब्रेक आणि प्रोपेलरचा उलटा जोर यांची त्याला साथ मिळते. उडताना तोच उतार वेग देतो. पण उतरण्याआधीच्या क्षणांत हाच चढ वैमानिकाच्या डोळ्यांना फसवतो, आणि ही फसवणूक सामान्य वाचकाला कुणी सांगत नाही.

वैमानिक धावपट्टीच्या आकारावरून आपली उंची ओळखतो. हजारो वेळा सपाट धावपट्टी पाहून डोळ्यांना तिचा आकार पाठ झालेला असतो. समोरची पट्टी चढती असेल तर ती जास्त उभी, जास्त लांबुळकी दिसते, आणि मेंदू सांगतो की आपण फार वर आहोत. मग हात नकळत विमान खाली आणतो. अरुंद पट्टीसुद्धा हाच भास देते. लुक्लाची पट्टी चढतीही आहे आणि अरुंदही, दोन्ही भास एकाच दिशेला ओढतात: खाली. धावपट्टीच्या अलीकडे खाली काय आहे? कडा. सपाट रानातल्या धावपट्टीच्या अलीकडे विमान टेकलं तर ते ढेकळांत उतरतं, चाक मोडतं. लुक्लाला धावपट्टीच्या अलीकडे टेकायला जमीनच नाही.

पुढचं काम हातांचं आहे. आमच्या विमानाला तीन अंशांच्या उतरणीवरून शून्यावर यायचं असतं. लुक्लात विमान खाली येत असतं आणि पट्टी जवळजवळ सात अंशांनी वर जात असते. टेकण्याच्या क्षणी विमानाची वाट एकूण दहा अंशांनी वळवावी लागते, तेही अचूक वेळी. नाक उशिरा उचललं तर विमान चढावर आदळतं. लवकर उचललं तर वेग संपून ते खाली बसतं, आणि खाली कडा असू शकतो.

हवेचं गणितही सोपं नाही. इतक्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांश असते. वेग दाखवणारं यंत्र हवेचा दाब मोजतं, म्हणून त्यावर ७५ नॉट दिसत असले तरी जमिनीच्या हिशेबात विमान ८६ नॉटने पळत असतं. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे ती तिसऱ्या हिश्श्याने जास्त. आता यात पाठीमागचा वारा मिळवा. डोंगरात ऊन तापलं की दरीतली हवा वर सरकू लागते. लुक्लाला ती नेमकी दरीकडून धावपट्टीवर, म्हणजे उतरणाऱ्या विमानाच्या पाठीशी येते. कुठल्याही दुसऱ्या धावपट्टीवर आम्ही अशा वेळी उलट्या टोकाने उतरतो, वारा समोरून घेतो. लुक्लाला दुसऱ्या टोकाने उतरता येत नाही. म्हणून तिथली उड्डाणं पहाटे सुरू होतात आणि बहुतेक दुपारच्या आत आटोपतात. सकाळी नऊला निळंशार दिसणारं आकाश पाहून प्रवाशांना वाटतं, आता का थांबलेत? आकाश निळंच असतं. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक मात्र उलटा फुगलेला असतो.

आणि ढग. लुक्लाला मोठ्या विमानतळासारखी यंत्रांच्या संकेतांवर धावपट्टीपर्यंत आणणारी व्यवस्था नाही. वैमानिकाला डोळ्यांनी पट्टी दिसली तरच उतरायचं. हिमालयात उडणारे वैमानिक म्हणतात, इथल्या ढगांत दगड असतात. ते अक्षरशः खरं आहे.

८ ऑक्टोबर २००८. दसऱ्याच्या आदला दिवस, नेपाळात दशैंचा सण ऐन भरात, ट्रेकिंगचा हंगाम सुरू झालेला. काठमांडूहून यती एअरलाइन्सचं ट्विन ऑटर निघालं. ट्विन ऑटर हे कॅनडात बनलेलं दोन इंजिनांचं विमान. जास्तीत जास्त वजन ५६७० किलो, प्रवासी १९, आखूड आणि कच्च्या पट्ट्यांसाठी याच्याइतकं भरवशाचं विमान क्वचितच बनलं असेल. त्या दिवशी त्यात १९ जण होते. १२ जर्मन आणि दोन ऑस्ट्रेलियन पर्यटक, बाकी नेपाळी. सकाळी साडेसातच्या सुमारास विमान फायनलवर असताना धुक्याने पट्टी झाकली. विमान तसंच पुढे आलं, वाटेपेक्षा खाली आलं, आणि धावपट्टीच्या काठाअलीकडे, तिच्या पातळीखाली खडकाला आदळून पेटलं. १८ जण गेले. एकटा कॅप्टन वाचला.

मी या अपघाताबद्दल वाचतो तेव्हा त्या कॅप्टनला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. फायनलवर धुकं समोर आलं तेव्हा त्याच्यापुढे काय होतं ते पाहा. परत फिरण्याची जागा मागे पडली असेल तर ढगात आंधळं वळायचं म्हणजे दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर भरवसा ठेवायचा. पुढे गेलं तर काही सेकंदांनी पट्टी पुन्हा दिसेल अशी आशा. त्यात चढत्या, अरुंद पट्टीचा तो जुना भास, जो धुक्यात अर्धवट दिसणाऱ्या कडांमुळे आणखी पक्का होतो. त्या क्षणी कुठलाही पर्याय चांगला उरलेला नव्हता. चांगला पर्याय त्याच्या एक-दोन मिनिटं आधी होता, दरीत, जेव्हा धुकं फक्त सरकताना दिसत असेल. म्हणून मी म्हणतो, लुक्लाचा निर्णय दरीत होतो.

दोन वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१० रोजी, सीता एअरचं डॉर्नियर विमान नीट उतरलं, पण थांबलं नाही. वरच्या टोकाच्या भिंतीवर जाऊन नाक चेपलं. कुणी दगावलं नाही. २७ मे २०१७ रोजी मालवाहू एल-४१० विमान खराब हवेत उतरताना धावपट्टीच्या अलीकडे, खाली कोसळलं. कॅप्टन आणि सहवैमानिक दोघे गेले. त्यात प्रवासी नव्हते, म्हणून आपल्याकडे ती बातमी फारशी पोचली नाही. १४ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणाच्या धावेत एक एल-४१० उजवीकडे वळलं आणि बाजूला उभ्या हेलिकॉप्टरवर जाऊन आदळलं. तिघे गेले. यांतल्या शेवटच्या अपघातात जीव गेले, त्याला पट्टीला खेटून उभी असलेली हेलिकॉप्टरंही कारण ठरली. विमान जरा भरकटलं तर जायला मोकळी जागाच ठेवलेली नाही. हे मला अजूनही खटकतं. जागा कमी आहे हे मान्य, पण कमी जागेत काय उभं करायचं हे माणूसच ठरवतो.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. लुक्लाला उतरणारे वैमानिक माझ्या पाहण्यातले सर्वोत्तम वैमानिक आहेत. तिथे कॅप्टन म्हणून उतरण्याआधी आखूड पट्ट्यांचा अनुभव लागतो, प्रशिक्षकाला शेजारी बसवून लुक्लाची उड्डाणं करावी लागतात. हंगामात एकेक विमान एका सकाळी अनेक फेऱ्या मारतं आणि त्यातली जवळजवळ सगळी काही न घडता पार पडतात. मी प्रवासी म्हणून गेलो तेव्हा कॉकपिटचं दार नव्हतंच. मधल्या वाटेच्या बाजूला बसून मला सगळं दिसत होतं. कॅप्टनचा डावा हात कंट्रोलवर, दोघांच्या नजरा आळीपाळीने वेगाच्या काट्यावर आणि पट्टीच्या खालच्या काठावर. कुठेही घाई नाही. चाकं टेकली ती पट्टीच्या पहिल्या तुकड्यात, पांढऱ्या आकड्यांजवळ. विमान चढ चढून वर सपाट जागेत वळलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात आलं, हे उतरणं मला जमलं नसतं.

तरी नेपाळच्या विमान वाहतुकीवर जगाचा पूर्ण विश्वास नाही. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या सगळ्या विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली. डोंगर हे त्याचं कारण नव्हतं. देखरेख करणाऱ्या यंत्रणेबद्दलची शंका हे कारण होतं. डोंगर स्वित्झर्लंडातही आहेत. हवामानाची अचूक खबर, प्रत्येक वैमानिकाने नियम पाळला की नाही याची कडक तपासणी, आणि परत फिरणाऱ्याला कंपनीत कुणी बोल लावणार नाही याची खात्री, या तीन गोष्टी धावपट्टी रुंद न करताही देता येतात. त्या मागत राहिलं पाहिजे.

आता प्रवाशाचा हात.

हंगामात लुक्लाची बरीच उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून होतात, कारण काठमांडूचं आकाश मोठ्या विमानांनी भरलेलं असतं. काठमांडूहून मंथली रस्त्याने चार-पाच तास. मध्यरात्रीनंतर निघायचं, वळणावळणांच्या रस्त्याने डुलक्या घेत पहाटे पोचायचं, आणि छोट्याशा इमारतीबाहेर थंडीत रांगेत उभं राहायचं. तिथून लुक्ला वीसेक मिनिटांवर. मी गेलो त्या दिवशी लुक्लावर ढग होता आणि पहिली काही विमानं निघालीच नाहीत. आठनंतर काउंटरवर आवाज चढू लागले. आपल्याकडचा एक गट होता. त्यांच्या म्होरक्याने काउंटरवरच्या पोराला ऐकवायला सुरुवात केली: आमचे पैसे गेले, आमच्या सुट्ट्या मोजक्या आहेत, कालच्या लोकांना नेलंत, आम्हालाच का नाही, वरच्यांना फोन लावा. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्यावर बारा-पंधरा जणांची जबाबदारी होती आणि त्यांचं मुंबईचं परतीचं तिकीट ट्रेक संपण्याच्या दुसऱ्याच दिवसाचं होतं. काउंटरवरचा पोरगा मान खाली घालून ऐकत होता. मग तो आत गेला. आत कुणाशी काय बोलला मला माहीत नाही, पण असा दाब कुठे कुठे पोचतो ते मी आयुष्यभर पाहिलं आहे. काउंटरवरून तो स्टेशन मॅनेजरकडे जातो, तिथून डिस्पॅचकडे, तिथून कॉकपिटमध्ये. कॉकपिटमध्ये त्याला कुणाचा आवाज नसतो. तो वैमानिकाच्या मनात एक छोटासा विचार होऊन बसतो: एवढी माणसं थांबलीत, जाऊन बघू, दिसलं तर उतरू. "जाऊन बघू" म्हणत निघालेला वैमानिक दरीत पोचतो तेव्हा त्याचा निम्मा निर्णय आधीच झालेला असतो.

त्या दिवशी साडेनऊला एक विमान निघालं आणि चाळीस मिनिटांनी सगळ्या प्रवाशांसह परत मंथलीला उतरलं. लुक्लाची पट्टी दिसली नव्हती. उतरलेले लोक चिडलेले होते. एक बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "अहो, समोर दिसत होतं गाव, आणि हा फिरला!" मी त्यांना म्हटलं, "ताई, गाव दिसत होतं, पट्टी दिसत नसेल. तो फिरला म्हणून आपण बोलतोय." त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. त्या वैमानिकाने इंधन जाळलं, वेळ घालवला, शिव्या खाल्ल्या, आणि वर्षानुवर्षं मी माझ्या मुलांना जे शिकवत आलो ते करून दाखवलं.

म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे. जा, जरूर जा. पण वेळापत्रक असं आखा की विमान रद्द झालं तरी तुमचं काही बिघडू नये. लुक्लाहून परतण्याचा दिवस आणि काठमांडूहून भारतात यायचं विमान यांत किमान तीन दिवसांचं अंतर ठेवा. जातानाही एक-दोन दिवस हाताशी ठेवा. चौदा दिवसांच्या रजेत चौदा दिवसांचा ट्रेक बसवणारी सहल स्वस्त वाटते, पण राखीव दिवस न दाखवणाऱ्या आयोजकाकडे पैसे भरू नका, आणि का भरत नाही ते त्याला स्पष्ट सांगा. पहिल्या उड्डाणांचं आरक्षण मागा, कारण सकाळची हवा सगळ्यात स्थिर असते. सामान सांगितलेल्या वजनातच ठेवा. पाठपिशवीत लपवलेले दोन किलो त्या उंचीवर वैमानिकाच्या हिशेबातून चोरलेले असतात. हेलिकॉप्टर मिळतंय म्हणून खराब हवेत त्याच्या मागे लागू नका, धुक्यात त्यालाही दिसत नाही. वेळ असेल आणि पायात बळ असेल तर जीपने सल्लेरीला जाऊन तिथून चालत वर जाता येतं. १९५३ ची हिलरी-तेनझिंग यांची मोहीम तर काठमांडूच्या खोऱ्यापासूनच पायी गेली होती. माझी भाची सल्लेरीच्या वाटेने गेली, आणि ती सांगते की त्या चार दिवसांतली खेडी तिला बेस कॅम्पपेक्षा जास्त आठवतात.

आणि काउंटरवर उभे असाल, उड्डाणाला उशीर होत असेल, तेव्हा कृपा करून गप्प राहा. "कधी निघणार?" हा प्रश्नसुद्धा पुन्हा पुन्हा विचारू नका. शेजारचा ओरडत असेल तर त्याला बाजूला घेऊन चहा पाजा आणि समजवा. वैमानिक अर्ध्या वाटेतून परत फिरला, तर उतरताना त्याच्यासमोर थांबून त्याला धन्यवाद म्हणा, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.